करंजी घाटात झोपलेला टर्बो

मी एक जुना टर्बो आहे, मित्रांनो, आणि सध्या नागापूरच्या एका गॅरेजात रॅकवर भिंतीकडे तोंड करून बसलो आहे. मिस्त्रींनी तसे ठेवले म्हणून बरे झाले. मला कुणाच्या नजरेला नजर देववत नाही.

इंजिनातून बाहेर पडणारा धूर माझे एक चाक फिरवतो. त्यासरशी दुसरे चाक फिरते आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त मिळाली की डिझेल जास्त जाळता येते आणि गाडीची ओढ वाढते. पण धूर नाही तर मी नाही. माझी सगळी नाचक्की तिथेच झाली.

उमेदीची वर्षे मी उसाच्या ट्रकवर काढली. तोडणीवाल्या बाया डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायच्या. मग तो भरलेला ट्रक कारखान्याकडे निघायचा. इंजिन मोठे, धूर भरपूर, त्यामुळे माझी वाहवा व्हायची. ती माझ्या डोक्यात गेली. ट्रक भंगारात निघाला तेव्हा हनुमंत मिस्त्रींनी मला जपून काढून आपल्या गॅरेजात आणले.

तिथे उझैर आला. तो पाथर्डी ते नगर जीपने सीटा, म्हणजे प्रवासी, वाहतो. त्याच्या जीपला तिच्या मापाचा धाकटा टर्बो होता. तो थोड्या धुरावरही जागा व्हायचा. म्हणून इंजिनाच्या वेगाप्रमाणे ओढ दाखवणारी तिची रेघ आलेखाच्या कागदावर लवकर चढे आणि पुढे माळासारखी सपाट जाई, कारण दाब वाढला की एक झडप उघडून जादा धूर बाजूने सोडून देई. इंजिन फारच जोरात फिरू लागले की मात्र त्या अरुंद गळ्यातून हवा पुरत नसे आणि रेघ खाली येई. उझैरला तेवढा शेवटचा उतार खुपत होता.

"मिस्त्री, मोठा बसवा," तो म्हणाला. "सपाट रोडला आपल्या म्होरं कुनी जाता कामा न्हाई."

मला बसवले. चाके जागीच फिरवून जोर मोजणाऱ्या रोलरवर गाडी चढवून संगणकावर नव्या रेघा काढल्या. ताकद म्हणजे ओढ आणि फिरण्याचा वेग यांचा गुणाकार. उजवीकडे, म्हणजे इंजिन जोरात फिरताना, दोन्ही भरपूर होते, म्हणून ताकदीची रेघ उंच गेली. दोघे शिखराकडे बघून खूश झाले आणि मीही फुगलो. डावीकडचा, इंजिन हळू फिरतानाचा खड्डा कुणी पाहिलाच नाही.

एका पहाटे तोडणीवाल्या रंगुबाई आपल्या पंकजाला घेऊन जीपमध्ये बसल्या. पंकजाची नगरला पोलीस भरतीची धाव होती आणि मैदानाचे गेट वेळेवर बंद होणार होते. आईबरोबर मोळ्या वाहून तिचे पाय घट्ट झाले होते. करंजी घाटात पुढे एक ट्रक रांगत होता. भरलेली जीप मंदावली, इंजिन हळू फिरू लागले. तेवढ्याशा धुराने माझे जड चाक हलेना. उझैरने क्लच अर्धवट दाबून रेस दिली, जळका वास सुटला आणि वळणावर गाडी बंद पडली.

"उतरा समदी. धक्का मारा," तो खालच्या मानेने म्हणाला.

रंगुबाई कडाडल्या, "आरं, मोळी घिऊन फळीवर चढताना पयल्या पावलालाच जोर लागतो! वर गेल्यावं काय करायचाय?"

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. रिकामी जीप कशीबशी घाट चढली. माणसे मागून पायी आली. उशीर नको म्हणून पंकजा तो चढ पळत चढली. ती वेळेवर पोहोचली, पण शेवटच्या फेरीत तिचे पाय उचलेनात, ती मागे राहिली आणि भरती हुकली. हे उझैरने मिस्त्रींना सांगितले, मला काढून धाकट्याला परत बसवायला आला तेव्हा.

मित्रांनो, रेघ किती उंच गेली एवढेच पाहू नका. ती कुठून चढू लागली तेही पाहा. इंजिनाला त्याच्या मापाचाच टर्बो द्या. नाहीतर माझ्या मोठेपणाचे ओझे भलत्याच्याच पायांवर पडते.

काल उझैरने गॅरेजातूनच पंकजाला फोन लावला. "ताई, औंदा भरतीला मी सोडतो. पयला धाकटा टर्बो परत बसवलाय. घाट झोकात चढती गाडी."

"गाडी चांगलीच असंल, उझैरभाई," फोनमधून आवाज आला. "पन औंदा मी आदल्या दिवशीच नगरला मुक्कामी जानार हाय."