गोठवले ते वाढलेच कसे?

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे, आणि माझे काम ऐकलेत तर आधी तुम्हाला हसूच येईल. मी माणसांच्या अंगावरची चरबी गोठवत असे. फ्रिज भाजी गार करतो, मी पोटे गार करायची. हे काम कसे चालते ते मला स्वतःलाही बरेच दिवस कळले नव्हते, आणि त्यातले थोडे अजून कळलेले नाही.

कारखान्यात मला घडवले तेव्हा चार चाके, आकडे दाखवणारा एक पडदा, एक जाड नळी आणि नळीच्या टोकाला खोलगट कप एवढाच माझा संसार होता. तिथून मी एका त्वचेच्या डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात आले. खाली चपलांचे दुकान, वर आम्ही. मला चालवायच्या त्या सिस्टर. वयाने पोक्त, हात जड, बोलणे गोड.

येणाऱ्या प्रत्येकाला सिस्टर समजावून सांगत, आणि ते ऐकून ऐकूनच मी शहाणी झाले. "एका वाटीत पाणी ठेवा, दुसरीत वितळलेलं लोणी. हवा गार झाली की आधी लोणी थिजतं, पाणी तसंच राहतं. चरबीच्या पेशींचंही तसंच. कातडीला इजा व्हायच्या आत त्या थिजतात, मग हळूहळू मरतात. दोन-तीन महिन्यांत शरीरच त्यांचा निचरा करतं."

आधी पोटाचा फोटो काढायचा. मग कातडी भाजू नये म्हणून जेलने भिजलेले कापड पसरायचे. हो, थंडीनेही कातडी भाजते! मग माझा कप पोटाची वळी आत ओढून घेई. पहिली काही मिनिटे माणूस दात आवळून धरी, मग तिथे बधिरपणा येई. पाऊण तासाने कप सुटला की वळी लोण्याच्या वडीसारखी घट्ट झालेली असे, आणि सिस्टर ती दोन्ही हातांनी चोळत. तेव्हा भलेभले ओरडत.

उठल्या उठल्या लोक वजनकाट्यावर चढत. सिस्टर म्हणत, "अहो, काटा हलणार नाही. हे वजन उतरवायचं काम नव्हे, नुसता आकार थोडा बदलतो." तरी ते चढतच. एकदा एक मुलगी आली, तिच्या पोटावर माझ्या कपाला धरायलाही काही सापडेना. सिस्टरनी तिला हळूच घरी पाठवले, तर ती जिन्यात रडली. जाडे हसत जात आणि बारीक रडत जात. मी आपली गोंधळून बघत राही.

एके दिवशी बँडमास्तर आले. शहराच्या बागेत रविवारी बँड वाजे, त्याचे ते प्रमुख. ट्रंपेट वाजवत. गणवेश घट्ट होऊ लागला होता. बायको सोबत होती.

"याच पोटातून वारा भरता ना बाजात? मग राहू द्या की ते," ती म्हणाली.

"तू गप्प बस गं. पुढच्या रांगेतली पोरं हसतात मला," ते म्हणाले.

डॉक्टरबाईंनी संमतीचा एक कागद पुढे केला, त्यांनी न वाचताच सही केली. मी माझे काम चोख केले. जातानाही ते खुशीत होते.

चार महिन्यांनी ते परत आले, तेव्हा मी त्यांना ओळखलेच नाही. चेहरा ओढलेला, गाल बसलेले, आणि पोट मात्र पहिल्याहून मोठे.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "खाण्यावर ताबा ठेवायला हवा होता."

मास्तर खाली मान घालून बसले. बोलली ती बायको. "डॉक्टर, यांच्या पानात मी वाढते. दोन महिने हा माणूस एकवेळ जेवतोय. लाजेनं बागेत वाजवायला जात नाही. आणखी किती ताबा ठेवायचा?"

सिस्टर उठल्या. त्यांनी पोटावर हात ठेवला आणि तो तिथेच थांबला. "बाई, जरा हात लावून बघा. कडक लागतंय. आणि कड बघा, आपल्या कपाएवढीच आहे."

डॉक्टरबाईंनी हात लावला. मग जुना फोटो काढून शेजारी धरला.

"हे तुमच्या खाण्यानं झालेलं नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "माझ्या उपचारानं झालंय. फार क्वचित असं होतं. चरबी मरायच्याऐवजी वाढते. कागदावर लिहिलं होतं, पण मी तोंडानं सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

"म्हणजे मी उगाच उपाशी राहिलो?" मास्तरांनी विचारले. राग नव्हता त्या आवाजात. मला वाटते, त्यांना सुटल्यासारखे वाटले असावे.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने मला उघडून तपासले. थंडी बरोबर, ओढ बरोबर, वेळ बरोबर. कुठेच दोष नाही. मित्रांनो, दोष सापडला असता तर किती बरे झाले असते! दुरुस्त तरी झाले असते. तीच थंडी शेकडोंची चरबी कमी करते आणि एखाद्याची वाढवते, हे असे का?

ती वाढलेली कडक चरबी काही आपोआप विरली नाही. काही महिने थांबून सर्जनने ती शस्त्रक्रियेने काढली. मास्तरांना दोन महिने बाजाला हात लावता आला नाही, मग ते बागेत पुन्हा वाजवायला उभे राहिले. डॉक्टरबाई त्यानंतर तो क्वचितचा धोका सगळ्यात आधी सांगू लागल्या. ऐकून काहीजण परत जात. त्यांना त्या अडवत नसत.

पुढे नवी मशीन आली. माझ्यावर चादर पडली, चादरीवर धूळ. आता मी एका प्रशिक्षणशाळेत आहे. माझा पडदा लागत नाही, पण नळी दाखवायला उपयोगी पडते. तिथे हे काम शिकणाऱ्या मुली माझा कप हाताळतात, मनगटाला लावून हसतात.

मित्रांनो, मला आजही सगळे उलगडलेले नाही. पण अंग तुमचे आहे. त्याला कुणाच्या हाती देण्याआधी, काय बिघडू शकते ते मोठ्याने विचारा. आणि कुणी कळवळून सांगू लागला की आपल्या अंगात काहीतरी बिघडले आहे, तर आधी हात लावून बघा. त्याच्या ताटाकडे मागाहून बघा.