पुसट देवदूत

एर्कोलेने लात्तान्झिओच्या देवदूताचा घात केला आणि लात्तान्झिओचं नशीब उघडलं. म्हणजे, तसं काही झालंच नाही. बोलोन्यातल्या आमच्या छापखान्यात फक्त देवाधर्माची चित्रं छापतात, इथे घातपात कुठून होणार?

झालं एवढंच, की संत फ्रान्सिसला व्हायोलिन वाजवणारा देवदूत दिसतो, त्या चित्राचं काम आलं. आजवर देवदूत एर्कोलेकडे असत. या खेपेस उस्ताद गास्पारेंनी तो नवख्या लात्तान्झिओला दिला. एर्कोलेला संताच्या चपला.

"हा देवदूत याला साधला, तर यापुढे सगळे देवदूत याचेच," उस्ताद म्हणाले.

"चपला म्हणजे चित्राचा पाया रे," मी एर्कोलेची समजूत काढली.

"तुझ्या थोबाडावर उमटवू का पाया?"

आमची रीत अशी: तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन त्यात सुईने चित्र कोरायचं, मग वर तेजाब ओतायचं. तेजाब जितका वेळ तांबं खाईल तितकी रेघ काळी. जे पुसट हवं, त्यावर लवकर रोगण फासून टाकायचं, बाकीचं खाऊ द्यायचं.

उस्ताद जेवायला गेले. तेजाब जेमतेम पत्र्याला लागलं असेल, एर्कोलेने देवदूतावर रोगण फासलं.

मी छापयंत्राचं चाक फिरवून छाप काढला. चपला कोळशासारख्या. वर ढगात कुणीतरी असावं, अशी नुसती शंका.

मठाचे फादर अन्सेल्मो चित्र न्यायला आले. लात्तान्झिओ पांढराफटक, एर्कोले प्रसन्न. फादरांनी चष्मा चढवला आणि धाडकन गुडघे टेकले.

"याला म्हणतात दर्शन! बाकीचे देवदूत म्हणून कोंबड्या काढतात. देवदूत कुणाचा?"

"याचा," उस्तादांनी लात्तान्झिओला पुढे ढकललं.

"धन्य आहेस बाळा! चपला मात्र जरा अंगावर येतात."

एर्कोलेला ते सोसवेना. "पुसट मी केलाय! रोगण मी फासलं!"

"ते कशाला रे बाबा?" फादरांनी विचारलं.

"याचं वाटोळं व्हावं म्हणून!"

सगळा छापखाना हसला. उस्तादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पोरा, इतकं जळू नये. आता पापसुद्धा उसनं घ्यायला लागलास?"

त्याच आठवड्यात एर्कोलेने बिशपांच्या कचेरीत अर्ज दिला:

"...तरी स्वर्गवासी संत फ्रान्सिस यांस समक्ष पाचारण करून, त्यांस दिसलेला देवदूत मुळात किती ठळक होता याचा शपथेवर जबाब नोंदवावा, व तोवर लात्तान्झिओ यास कोणताही देवदूत देण्यात येऊ नये, ही नम्र विनंती."