उस्मानाबादच्या खणातलं कार्ड

“सर, औसा आता लातूर जिल्ह्यात गेलाय. त्या पोरीचं कार्डबी लातूरच्या खणात घाला. न्हाईतर ती एकटीच मागं राहील बगा.”

तुळजाबाई असं म्हणाली तेव्हा मला हसू आलं होतं. फरशी पुसणाऱ्या, चहा आणून देणाऱ्या बाईनं मला माझं काम शिकवावं? मी ते बोलणं कानामागं टाकलं. पुढं ते किती महागात पडलं, तेच आज सांगायचं आहे.

मित्रांनो, मी सागवानी लाकडाची एक जुनी कार्डपेटी आहे. मुखेडच्या एका सुतारानं मला घडवलं. एस.टी.च्या टपावर दोरखंडानं बांधून मला नांदेडच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात आणलं. मला पाच खण. चार खणांवर नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद अशी नावं रंगवलेली. पाचव्यावर ‘इतर’. पुढं ब्याऐंशी साली लातूर जिल्हा नवा झाला, तेव्हा ‘इतर’वर कागद चिकटवून ‘लातूर’ लिहिलं. तिकडच्या मुलांची कार्डं उचलून त्यात ठेवली.

आमची शाखा बायोमेडिकलची. हृदयाचे ठोके कागदावर उमटवणारं यंत्र, अपुऱ्या दिवसांचं बाळ उबेत ठेवणारी काचेची पेटी, अशी दवाखान्यातली यंत्रं बनवायची आणि बिघडली की सुधारायची, हे इथं शिकवतात. या मुलांना वाट दाखवायचं काम अमृतराव सरांकडे होतं. दर शनिवारी दुपारी ते एकेका मुलाला समोर बसवत आणि माझ्यातून त्याचं कार्ड काढत.

नुसते पेपर सुटले की पदवी मिळते, असं मुलांना वाटतं. तसं नसतं हो. कार्डावर आठ सत्रांचे विषय असत. सुटलेल्या विषयावर निळी खूण, राहिलेल्यावर लाल. दुसऱ्या वर्षाचं काही राहिलं असेल तर चौथ्या वर्षात पाऊल ठेवता येत नसे. आणि सगळ्यात खाली एक चौकोन होता: दवाखान्यात चार आठवडे काम, त्यावर डॉक्टरांची सही. तो चौकोन कोरा असेल, तर शेवटच्या परीक्षेला बसता येत नसे. म्हणून मी प्रत्येक कार्ड पोटाशी धरून बसे. कोण वाळलंय, कोण घरून रडून आलंय, हेसुद्धा मला कळायचं.

नीलम्मा औशाजवळच्या एका खेड्यातली. शेतकऱ्याची मुलगी. तिचा रहिवासी दाखला नवा जिल्हा होण्याआधी काढलेला, त्यावर ‘जिल्हा उस्मानाबाद’ असा शिक्का होता. सर म्हणाले, “कागदावर आहे तेच धरू.” मलाही ते पटलं. उस्मानाबाद जिल्ह्यात उरलेल्या गावांतून तेव्हा दुसरं कुणी शिकायला नव्हतं, म्हणून त्या खणात तिचं एकटीचं कार्ड राहिलं.

“शरीरशास्त्र राहिलंय तुझं,” सर तिला म्हणाले होते. “किती दिवस पळशील?”

“सर, चिरलेला बेडूक बघितला की पोटात ढवळतंय.”

“मग पेशंट बघितल्यावर काय करशील?”

“त्याच्या मशीनकडं बघीन की सर!”

सर हसले. तिनं तो विषय पुढच्याच सत्रात सोडवला. सरांनी निळी खूण केली तेव्हा मला काय आनंद झाला होता!

मग सत्त्याऐंशीचा दुष्काळ आला. नीलम्मा लातूरच्या एका दवाखान्यात काम शिकत होती. दोन आठवडे झाले आणि तिथली बोअर आटली. शिकाऊ मुलांना घरी धाडलं, “पुन्हा बोलावू” म्हणाले. इकडं आमच्या वसतिगृहाची विहीरही तळाला गेली. मुलांना सांगितलं, घरी बसून अभ्यास करा. ज्याचं काही बाकी असेल, त्याला पत्र येईल.

आणि त्याच महिन्यात कॉलेजात संगणक आला.

काय त्याचा थाट! नारळ फोडला, हार घातला. त्याच्या खोलीत जायचं तर चपला बाहेर. खिडकीला कूलर बसवला. मुलींना घागरभर पाणी मिळेना म्हणून वसतिगृह बंद, आणि कूलरमध्ये रोज दोन बादल्या! त्या ओतायच्या तुळजाबाईनं.

“ह्याला काय ताप आलाय का?” ती कारकून गुरुपादप्पांना म्हणाली.

“गरम झालं की सगळं विसरतंय ते, तुळजाबाई.”

“मंग माझ्या नवऱ्यावानीच हाय की!”

मला मात्र हसू येईना. मला त्याच खोलीच्या कोपऱ्यात सरकवलं होतं. सात वर्षं मी मुलांना सांभाळलं, मला कधी कुणी हार घातला नाही. आणि हा काल आला, तर सर माझ्याकडे पाठ करून त्याच्यापुढं बसू लागले. मुलगा सासूच्या हातचं खाऊन “काय चव आहे” म्हणतो, तेव्हा आईला कसं वाटत असेल, ते मला तेव्हा कळलं.

एके दिवशी गुरुपादप्पा माझा एकेक खण उपसू लागले. सगळी कार्डं त्या संगणकात भरायची होती. माझी लेकरं एकेक करून त्याच्या मांडीवर चालली होती. नांदेड गेलं, परभणी गेलं, बीड गेलं, लातूर गेलं. शेवटी त्यांनी उस्मानाबादच्या खणाला हात घातला आणि मी अडून बसले. कूलरच्या ओल्या वाऱ्यानं लाकूड फुगलं होतं, असं कुणीही म्हणेल. पण मला खरं ठाऊक आहे. मला ते द्यायचंच नव्हतं.

गुरुपादप्पांनी दोन हिसके दिले. “निघंना झालंय, सर.”

“राहू द्या,” सर म्हणाले. “तिकडचे सगळे आता लातुरात आले. तो खण रिकामाच असेल.”

मला इतकं बरं वाटलं! एक तरी माझ्याजवळ राहिली.

संगणकानं यादी काढली. अकरा जणांचं काही ना काही बाकी होतं. अकरा पत्रं गेली. सगळे त्याचं कौतुक करून राहिले होते, आणि मी मनात म्हणत होते, थांबा, पडेलच हा तोंडावर. दवाखान्याचं काम पुरं करायची शेवटची तारीख जवळ येत होती, आणि मी मजा बघत होते. मग एकदा माझ्या लक्षात आलं की तोंडावर पडणार आहे ती नीलम्मा. त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. पण पेटीला तोंड कुठलं?

शेवटी तुळजाबाईच म्हणाली, “सर, ती बेडकाला भिणारी पोरगी. तिला धाडलं का पत्र?”

“बाकी असलेल्यांत नाव नाही तिचं. म्हणजे पुरं झालं असेल.”

“मंग पुरं झालेल्यांत हाय का?”

गुरुपादप्पांनी दुसरी यादी वरून खाली वाचली. पुन्हा वाचली. नीलम्मा कुठंच नव्हती.

तुळजाबाईनं स्क्रूड्रायव्हर घातला आणि खण उचकटला. माझी मूठ निखळून खाली पडली. आत ते एकच कार्ड. लाल पेन्सिलीत लिहिलं होतं, ‘दोन आठवडे बाकी’. शेवटच्या तारखेला आठ दिवस राहिले होते.

सर दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं औशाकडं गेले. परत आले ते नीलम्माला घेऊन.

“पत्र आलं न्हाई, सर,” ती म्हणाली. “मी म्हणलं, दुष्काळामुळं दोनच आठवडं पुरं धरलं असतील, सगळं झालं असंल माझं. निकालाचे पेढेबी आईला सांगून बसले हुते.”

दवाखान्यासाठी कॉलेजचं नवं पत्र हवं होतं; ते घेऊन ती तशीच लातूरला गेली. पाणी विकत घेऊन दवाखाना चालू होता, तिथं तिनं दोन आठवडे पुरे केले. सही मिळाली, पण आठ दिवस उशिरा. सरांनी विद्यापीठात दोन खेपा घातल्या. तारीख हलली नाही. तिच्या मैत्रिणी उन्हाळ्यात परीक्षेला बसल्या, ती हिवाळ्यात एकटी बसली. दवाखान्यातली नोकरीची जी जागा तिला मिळायची होती, ती तोवर दुसऱ्याला गेली.

हिवाळ्याच्या परीक्षेचा अर्ज भरायला आली तेव्हा तिनं विचारलं होतं, “सर, माझं काही चुकलं हुतं का?”

सरांनी तिचा अर्ज स्वतःच भरायला घेतला. गुरुपादप्पांनी त्यावर शिक्का मारला. उत्तर माझ्याजवळ होतं.

तिला पदवी मिळाली. पुढच्या वर्षी कामही मिळालं. मी आता प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत आहे. माझ्यात जुन्या वायरी ठेवतात. नव्या संगणकांची खोकी आली की अजून माझ्या पोटात थोडं जळतं, खोटं का बोलू?

पण मित्रांनो, एक मागते. पास झालेल्यांची यादी लागते, नापास झालेल्यांचीही लागते. तुमच्या वर्गात एखादी असेल, जी बरेच दिवस आली नाही आणि जिचं नाव दोन्हीकडे नाही. ती घरी बसून म्हणत असेल, कुणी काही कळवलं नाही, म्हणजे सगळं ठीकच असणार. तिचं नाव आत्ता आठवलं ना? मग आजच तिच्या घरी जा. दारात उभं राहून विचारा, “अगं, तुझं काय काय बाकी आहे, तुला कुणी सांगितलंय का?”