वीस पावलांनंतरचा तंग

मित्रांनो, मी समुद्रकाठच्या तबेल्यातली एक म्हातारी घोडी आहे. दात झिजलेत, गुडघे कुरकुरतात, पण आठवण शाबूत आहे.

माझी एक खोड आधीच सांगून टाकते. पाठीवर खोगीर चढलं की मी पोट फुगवते. माझ्या पहिल्या मालकाने तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, एका झटक्यात आवळला होता आणि माझी कातडी चिमटली होती. तेव्हापासून मी श्वास भरून उभी राहते. चालू लागले की श्वास सुटतो आणि तंग सैल पडतो. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते बहुधा माझ्याकडे बघूनच.

दुसऱ्या मालकाने या खोडीपायी मला बदडलं. मग मी मामांकडे आले. तबेला त्यांचाच, आणि सगळं गाव त्यांना मामाच म्हणतं. पहिल्याच दिवशी माझ्या पोटावर थोपटून ते हसले. मला वीस पावलं चालवलं आणि तंग पुन्हा आवळला, सावकाश, पट्ट्याचं एकेक भोक पुढे घेत. पुढे तो तबेल्याचा नियमच झाला. पर्यटकांना किनाऱ्यावर फिरवायची सहल निघायची ती मामांच्या आखणीने. आदल्या दिवशी भरती-ओहोटीच्या वेळा बघायच्या, सकाळी काठीने वाळू टोचून कुठे भुसभुशीत आहे ते पाहायचं. शांत घोडी पुढे, लाथा झाडणारा घोडा सगळ्यात मागे. आणि वीस पावलांवर थांबून प्रत्येकाचा तंग. पंधरा वर्षं रांगेत पुढे मीच होते. त्या वर्षांचे मी किती उपकार मानू!

मग मामांची कंबर धरली आणि त्यांची भाची कामाला लागली. तिने एकटीने आखलेली पहिली सहल सहा जणांच्या कुटुंबाची होती. त्यातल्या आजींना जन्मात एकदा तरी घोड्यावर बसायचं होतं, म्हणून त्यांना माझ्यावर बसवलं. आखणी चोख होती, पण आजींना चढवण्यातच अर्धा तास गेला. त्यांचे जावई सारखे घड्याळ बघत होते. भरतीच्या आत परतायला हवं, या घाईत भाची वीस पावलांवर थांबलीच नाही. माझा लगाम धरून ती तरातरा पुढे चालत राहिली.

पाण्याच्या कडेला खोगीर डावीकडे सरकतंय हे मला कळलं. आजी त्याच बाजूला झुकून लाटा बघत हसत होत्या. मी जागच्या जागी थांबले. भाचीने दोनदा लगाम ओढला, पण मी हलले नाही. आणखी चार पावलं, आणि आजी खाली आल्या असत्या.

"म्हातारी झालीय ही," जावई मागून म्हणाले. "असली जनावरं ठेवता कशाला? विकून टाका."

विकलेल्या म्हाताऱ्या घोडीचं पुढे काय होतं, हे आम्हाला कुणी सांगावं लागत नाही. भाचीने पोटाखाली हात घातला. अख्खी मूठ तंगाच्या आत गेली आणि तिचा चेहरा उतरला. घोडीनेच पोट फुगवलं होतं, एवढं म्हणून तिला मोकळं होता आलं असतं. ते खोटंही नव्हतं.

"घोडीची चूक नाही," ती म्हणाली. "तंग पुन्हा आवळायचं माझं काम होतं, ते मी केलं नाही. आजी, माझ्या खांद्यावर हात ठेवा आणि हळूच उतरा."

मग तिने सगळे तंग तपासले. आणखी दोन सैल निघाले. पाणी चढायला लागलं होतं, म्हणून खडकांपर्यंत जायचा बेत तिने तिथेच मोडला. जावई कुरकुरले. आजी मात्र पुन्हा माझ्यावरच बसल्या. "हिने सांगितलं म्हणून कळलं तरी," त्या जावयांना म्हणाल्या. "आता मी निर्धास्त आहे."

तबेल्यात भाचीने मामांना सगळं स्वतःहून सांगितलं. मामांनी तिची चांगली खरडपट्टी काढली, आणि नंतर माझ्यासमोर ओंजळभर चणे धरले. मला विकायचा विषय कुणी काढला नाही.

मित्रांनो, घोड्यावर बसाल तेव्हा पाणी बघा, वाळू बघा, तंग दोनदा बघा. तरीही चूक झालीच, तर ज्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही त्याच्या माथी ती मारू नका. एका मुलीने ती मारली नाही, म्हणून मी आज या तबेल्यात उभी आहे.