पिवळी साडी

"तिथंच थांब! बांध वलांडू नगंस," बनाबाई भेंडीच्या सरीतून ओरडल्या. डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन आलेली त्यांची सून वैजयंता जागच्या जागी उभी राहिली. बनाबाईंनी पाटी उतरवून घेतली, पण सुनेला रानात पाऊल टाकू दिले नाही.

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात लग्न होऊन ती कुरुंदवाडजवळच्या या मळ्यात आली. माहेरची पिवळीधमक साडी नेसून मोठ्या हौसेने भेंडी बघायला गेली, तर बारीक पांढऱ्या माश्यांनी तिचा पदर भरून गेला. पुढे थोड्याच दिवसांत पानांच्या शिरा पिवळ्या पडू लागल्या. भेंडीवर केवडा रोग पडला होता. बनाबाईंनी साडीचा पिवळा आणि पानांचा पिवळा यांची सांगड घालून निकाल देऊन टाकला : सुनेचा पायगुण! त्यांच्या निकालावर अपील नसे. मुलगा सयाजी तर आईपुढे ब्रसुद्धा काढायचा नाही.

वैजयंताने साडी ट्रंकेच्या तळाशी घातली. टोमणे ती गिळायची. पण खरेच आपले पाऊल वाईट असेल तर, या विचाराने तिला घास गोड लागत नव्हता.

त्या दिवशी कृषी सहाय्यक जोतीराम आला होता. तो बनाबाईंच्या माहेरचा, म्हणून त्याचे निदान ऐकून तरी घेतले जाई. त्याने तेलाचा रिकामा डबा पिवळा रंगवून आणला होता. त्याला ग्रीस फासून त्याने तो भेंडीत काठीवर उलटा रोवला. भाकरी खाऊन होईतो डब्यावर पांढऱ्या माश्यांचा थर बसला.

"आक्का, बघा. ही माशी रोगट पानाचा रस पिती आन् चांगल्या झाडावर जाऊन बसती. तिच्या तोंडातनंच रोग पसरतोय."

"मग ही आल्यावरच कसा आला?"

"माशी आधीच रानात हुती की! म्हणून तर पदरावर बसली. पिवळं दिसलं की येतीच ती. आता ह्या डब्याचा कसला पायगुण, सांगा बघू?"

बनाबाईंनी वाकून डब्यावर चिकटलेल्या माश्या निरखल्या. बांधावर वैजयंताच्या छातीवरचा धोंडा उतरला. इतके हलके वाटले, की तिला रडूच फुटले. तिने पदर तोंडाला लावला.

"रोगट झाडं उपटून जाळा. बाकीची ऱ्हातील," असे सांगून जोतीराम गेला.

बनाबाईंनी दोन-चार झाडे उपटली आणि बांधाकडे बघून खेकसल्या, "हुबी काय ऱ्हायलीस? सगळं रान मी एकटीनं उपटू व्हय?"

वैजयंता रानात उतरली. दोघी शेजारशेजारच्या सरीत झाडे उपटत राहिल्या.

"ती पिवळी साडी..." बनाबाई मान वर न करता म्हणाल्या. वैजयंताचा हात थबकला.

"बाजाराला नेसत जा. रानात नगं. माश्या बसत्यात."

"व्हय, आत्याबाई."

ओल्या सरीत तिची पावले उमटत होती. ती कुठे पडतात, हे आता कुणी बघत नव्हते.