बोर्घिल्डच्या विरजणाची माळ

मी एक जुनी लाकडी माळ आहे. गळ्यात घालायची नव्हे; मला गळ्यात घालणारा दिवसभर शिंकत बसेल. बर्च झाडाच्या बोटभर लांबीच्या चौऱ्याऐंशी कांड्या एकमेकींत अडकवून मला बनवले आहे. ना खिळा, ना दोरी. नॉर्वेच्या डोंगरातल्या एका सरोवराकाठी नेस्ताद नावाचे शेत आहे. तिथल्या बिअर करायच्या खोपटात मी खुंटीला लटकते. विरजण सांभाळणे हे माझे काम.

मित्रांनो, तुमच्याकडे दह्याला विरजण लागते, तसे आमच्याकडे बिअरला. फसफसणाऱ्या पिंपात मला सोडतात आणि दोन दिवसांनी फेसातून वर काढतात. तो फेस कांड्यांच्या फटींत बसतो, तिथेच वाळतो आणि पुढच्या खेपेपर्यंत जिवंत राहतो. त्यामुळे माझे रूप काही देखणे नाही. तपकिरी, खपल्या धरलेली आणि वासाला जुन्या चीजसारखी. तुमच्यात एखाद्या बेतावर विरजण पडले की लोक हळहळतात. आमच्याकडे ते पडले नाही तर हळहळतात.

मला बोर्घिल्डच्या वडिलांनी कोरले. लेकीचे लग्न ठरले तेव्हा त्यांनी मला आपल्या पिंपात एकदा बुडवले, वाळवले आणि तिच्या पेटीत चादरींच्या खाली ठेवले. पेटी उघडली तेव्हा तिच्या सासूने नाक मुरडले.

"अगंबाई, माहेराहून पेटी भरून घाण आणलीस की काय?"

मला फार लागले ते. पण पहिल्या बिअरनंतर त्याच सासूने घरातले जुने विरजण डुकरांना घातले, तेव्हा मी मनात म्हटले, आता कशी!

पुढची तीस वर्षे मी सुखात काम केले. बोर्घिल्ड आणि तिचा नवरा सिवर्ट जवाची पोती ओढ्यात भिजवत, माळ्यावर पसरून त्यांना मोड आणत आणि मंद आचेवर वाळवत. आच जरा वाढली की दाणा काळवंडतो, म्हणून बोर्घिल्ड सिवर्टला भट्टीजवळ फिरकू देत नसे. मग ते दाणे भरडायचे, ज्युनिपर नावाच्या सुगंधी झुडपाच्या फांद्या उकळलेल्या पाण्यात कालवायचे आणि खाली त्याच फांद्यांची गादी करून गोड रस गाळून घ्यायचा. पोरे आपापले पेले घेऊन त्या रसासाठी रांग लावत. हा रस आम्ही उकळत नाही. म्हणून आमची बिअर हलकी असते आणि रंगाला पिकल्या शेतासारखी फिकी सोनेरी.

बोर्घिल्ड मागेल त्याला विरजण देई. सरोवरापलीकडच्या योस्टाइनचे विरजण एकदा आंबट झाले, तेव्हा त्यालाही तिने माझ्यावरच्या मूठभर खपल्या दिल्या होत्या. पुढे हाच योस्टाइन आमच्याकडे नव्या पिंपाची चव बघायला आला आणि भर मंडळीत म्हणाला, "सिवर्ट, ही बिअर आहे की भांडी विसळलेलं पाणी?" सगळे हसले. सिवर्ट हसला नाही. तेव्हापासून नऊ वर्षे दोघे एकमेकांशी बोलले नव्हते.

गेल्या जूनमध्ये बोर्घिल्ड वारली. अंथरुणावरून तिने बजावून ठेवले होते, "मला पुरून आल्यावर लोकांना दुकानातली बाटली द्याल, तर उठून परत येईन!" शनिवारी दफन होते. सिवर्टने बुधवारी पहाटे चूल पेटवली. बायको गेल्यावर त्याला हात घालता येईल असे ते एकच काम उरले होते.

त्याच दिवशी त्याची सून हेगे घर आवरायला लागली. ती बर्गन शहरातली. ईस्टरलाच शेतावर राहायला आली होती आणि तिने अजून एकदाही बिअर होताना पाहिली नव्हती. माणसे येणार म्हणून तिने खिडक्या पुसल्या, जमीन घासली आणि शेवटी, सिवर्ट ओढ्यावर पाण्याला गेला असताना, खोपटात शिरून मला खुंटीवरून काढले.

मित्रांनो, मी तिला दोष देत नाही. पण काय सांगू! उकळते पाणी, साबण आणि राठ केसांचा ब्रश. माझी एकेक कांडी तिने मन लावून घासली. एवढी वर्षे जे पोटाशी धरून बसले होते, ते मोरीतून वाहून गेले. मी पांढरीशुभ्र झाले आणि मला रडावेसे वाटले.

दुपारनंतर रस कोमट झाला आणि सिवर्ट मला घ्यायला आला. खुंटी रिकामी होती. मी बाहेर उन्हात, पांढऱ्या फडक्यावर पडले होते.

"पोरी, हे काय केलंस?"

"बाबा, किती घाण बसली होती तिच्यावर! तीन पाण्यांनी धुवावी लागली."

सिवर्ट लाकडे फोडायच्या ओंडक्यावर मटकन बसला. "घाण नव्हती गं ती. विरजण होतं. तुझ्या सासूनं माहेराहून आणलेलं."

हेगेचा चेहरा उतरला. "दुकानात यीस्ट मिळतं ना? मी आत्ता सायकलवर जाते."

"त्यानं पाव फुगतो. बोर्घिल्डची बिअर होत नाही. आणि हा रस सकाळपर्यंत आंबून जाईल."

"आणखी कोणाकडेच नाही हे विरजण?"

"योस्टाइनकडे आहे. पण त्याच्या दारात मी मेलो तरी जाणार नाही."

हेगेने मला ॲप्रनच्या खिशात टाकले आणि होडी सोडली. तिने जन्मात वल्हे धरले नव्हते. आम्ही दोनदा आमच्याच काठाला परत लागलो. पलीकडच्या धक्क्यावर योस्टाइन कमरेवर हात ठेवून बघत होता.

"सूनबाई, होडी चालवतेयस की लोणी काढतेयस?"

"मी मागायला आलेय," हेगे धापा टाकत म्हणाली.

"सिवर्टनं पाठवलं?"

"नाही. ते म्हणाले, मेलो तरी जाणार नाही."

"खरं बोलतेस. हे बरंय."

तिने मला त्याच्या हातात दिले. त्याने मला नाकाशी धरले. "साबण!" तो खो खो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. तो माळ्यावर गेला आणि कापडाची एक पुरचुंडी घेऊन खाली आला. "नऊ नाताळ झाले, तुझ्या सासूचीच बिअर पितोय मी."

"तुमचे फार आभा—"

"गप्प! विरजणाचे आभार मानले की ते मरतं. एवढंही ठाऊक नाही?"

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नकोस. सरक तिकडं, वल्ही मला दे. तुझ्या हातानं गेलो तर शनिवार उजाडेल."

सिवर्ट पिंपाला गोधड्या गुंडाळून त्याच्याशेजारी उभा होता. योस्टाइनला दारात बघून तो ताठ झाला.

"कोमट आहे अजून?" योस्टाइनने विचारले.

सिवर्टने रसात कोपर बुडवून पाहिले. "आहे."

नऊ वर्षांनंतरचे पहिले बोलणे हे एवढेच. सिवर्टचे ओठ हलले. पण आभार मानायची सोय नव्हती, म्हणून त्याने नुसते बाजूला होऊन योस्टाइनला पिंपाशी जागा दिली. पुरचुंडीतल्या खपल्या रसावर पडल्या आणि त्यांच्यामागून मला सोडले.

विरजण पडताना घरातल्या माणसाने पोटातून ओरडायचे असते. जितकी मोठी आरोळी, तितके विरजण लवकर जागे होते. पण शेजारच्या धान्याच्या कोठारात बोर्घिल्डची शवपेटी ठेवली होती. सिवर्टने तोंड उघडले, पण आवाज फुटेना. योस्टाइन परक्या घरचा. त्याने मान खाली घातली. मी रसात पडून वाट पाहत होते.

मग हेगेने डोळे मिटले आणि ती किंचाळली. शहरातली ती हलक्या आवाजाची मुलगी अशी ओरडली की गोठ्यातल्या गाई उठून उभ्या राहिल्या. सिवर्टने तिच्याकडे पाहिले आणि तो रडू लागला. बायको गेल्यापासून तो रडला नव्हता. दोन तासांत पिंपाच्या कडेला पहिला फेस दिसला. शनिवारी सगळ्या गावाने बोर्घिल्डची बिअर बोर्घिल्डच्या नावाने प्यायली.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. जिचे काम आपल्याला कळत नाही अशी वस्तू घासायला घेण्याआधी घरच्यांना एकदा विचारा. आणि जपण्यासारखे काही तुमच्यापाशी असेल, तर ते एकाच खुंटीला टांगून ठेवू नका. मागायला येईल त्याला द्या, उद्या तो तुमच्याशी भांडणार असला तरी द्या. बोर्घिल्डने तेवढे केले होते, म्हणून ती गेल्यावरही तिच्या घरात तिच्या हातची चव राहिली.