उस्तादांची चौथी खेप

शागिर्दानं उस्तादाला गाडीवरून उतरवायचं म्हणजे लेकानं बापाच्या पुढ्यातलं ताट ओढायचं. पण संघाचे सेक्रेटरी कल्याणप्पा यांना ड्रायव्हर लोकांची रीत कुठून ठाऊक असणार? त्यांचा जन्म खुर्चीत गेलेला. त्यांनी गोरोबाच्या हातात चिठ्ठी दिली आणि कळंबहून येडशीला जाणाऱ्या दुपारच्या एसटीत त्याला बसवून दिलं.

साल त्र्याहत्तर, वैशाखाचे दिवस. विहिरींचे तळ उघडे पडले होते आणि अख्खी गावं खडी फोडायला जात होती. सहकारी संघानं आपल्या मालट्रकवर लोखंडी टाकी चढवून पाणी पोचवायचं काम घेतलं होतं. त्यात शेजारच्या तालुक्यात एक टँकर ड्रायव्हरच्या डुलकीपायी ओढ्यात गेला आणि इतके दिवस झोपलेला आठ तासांचा कायदा खडबडून जागा झाला. संघानं ठराव केला. आठ तास भरले की ड्रायव्हरनं असेल तिथं थांबायचं, संघ बदली ड्रायव्हर धाडून गाडीसकट त्याला परत आणेल. जो थांबणार नाही त्याची नोंद होईल, आणि तीन नोंदी झाल्या की त्याची गाडी काढून घेतली जाईल.

ज्ञानोबा उस्तादांच्या दोन नोंदी झाल्या होत्या. सकाळी आठला बसलेला हा माणूस चारला थांबायचं सोडून सहा वाजेपर्यंत गाडी हिंडवत होता, आणि कुठं ते विचारलं तर मूग गिळून बसत होता. आज तिसरी नोंद झाली असती तर उस्ताद घरी बसले असते.

गोरोबाच्या अगदी जिवावर आलं होतं. सात वर्षं तो त्यांचा क्लीनर होता. त्यांच्या शिव्या खातच तो गिअर टाकायला शिकला, आणि त्याला लायसन मिळालं तेव्हा पेढे वाटले तेही त्यांनीच. उस्ताद गाडीपाशी असताना शागिर्दानं त्यांच्या जागेवर बसायचं नाही, ही या धंद्यातली रीत. आणि उस्ताद डाव्या बाजूला बसलेले तर वीस वर्षांत कुणी पाहिले नव्हते. सख्ख्या लेकीची वरातसुद्धा त्यांनी स्वतःच चालवत नेली होती.

येडशी स्टेशनजवळच्या विहिरीवर टाकी भरत होती. उस्ताद ओला टॉवेल डोळ्यांवर दाबून फूटबोर्डावर बसले होते. गोरोबानं त्यांच्या पाया पडून चिठ्ठी पुढं केली. त्यांनी ती वाचली, घडी घातली आणि परत दिली.

"किती वाजले?"

"चारला दहा कमी."

मग उस्तादांनी खरं काय ते सांगितलं. तिसरी खेप गावच्या विहिरीत पडते आणि यादी तिथंच संपते. ओढ्यापलीकडं बौद्धांची बावीस घरं आहेत. त्यांना गावच्या विहिरीवर कुणी येऊ देत नाही, त्यांची विहीर वेगळी. ती संघाच्या यादीत नाही. म्हणून महिनाभर उस्ताद चौथी खेप आपल्या मनानं तिकडं नेत होते. कल्याणप्पांना विचारलं असतं तर ते यादी दाखवून नको म्हणाले असते, म्हणून विचारलंच नव्हतं.

"आज गेलो तर उद्यापास्नं गाडी जाती," ते म्हणाले. "न्हाय गेलो तर बावीस घरं तहानलेली ऱ्हात्यात. तूच सांग आता."

इकडं आड, तिकडं विहीर. गोरोबानं चिठ्ठी पुन्हा वाचली. गाडी परत आणावी, एवढंच लिहिलं होतं. कोणत्या वाटेनं आणावी, भरलेली आणावी की रिकामी, याबद्दल एक अक्षर नव्हतं. आणि त्याचे स्वतःचे आठ तास तर अजून सुरूही झाले नव्हते. आता हे तोंडानं बोलायचं तेवढं राहिलं होतं, आणि तेच अवघड होतं.

"उस्ताद, म्या नेतो. रोज चारला येत जाईन," तो खाली बघत म्हणाला. "तुमी... तुमी तिकडनं बसा."

उस्तादांनी ओला टॉवेल पिळून खांद्यावर टाकला. मग उठले आणि बॉनेटला वळसा घालून डाव्या दाराशी गेले. त्यांना दार काही उघडेना. त्या दाराची मूठ थोडी वर उचलून ओढावी लागते, हे मालकाच्या तोऱ्यात वीस वर्षं गाडी चालवणाऱ्याला माहीत नव्हतं. गोरोबानं आतून दार उघडलं तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाडी सुटली. पहिला मैलभर उस्तादांच्या सूचनांना खळ नव्हता. दुसरा टाक, खड्डा बघ, चढाला दम दे. ब्रेक नव्हता तिथं त्यांचा पाय दाबला जात होता. गोरोबा मुकाट्यानं व्हय, व्हय म्हणत होता. मग सूचना बंद झाल्या. त्यानं वळून पाहिलं तर उस्ताद गाढ झोपले होते, मान दारावर कलंडलेली. हीच झोप त्यांना स्टेअरिंगवर लागली असती. एसटीत बसल्या बसल्या कल्याणप्पांना दिलेल्या शिव्या गोरोबानं मनातल्या मनात परत घेतल्या.

वस्तीवर बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. विहीर एका बोळाच्या शेवटी होती आणि बोळ एवढा अरुंद की गाडी मागं मागं घेतच न्यावी लागे. दोन्ही बाजूंना मातीच्या भिंती. गोरोबा इथं कधी आलेला नव्हता. क्लीनर खाली उतरून मागून वाट दाखवतो, पण टँकरवरचे क्लीनर संघानं केव्हाच कमी केले होते. तो घाम पुसत आरशात बघत बसला.

तेवढ्यात डावं दार वाजलं. उस्ताद जागे झाले होते. ते उतरून सरळ गाडीच्या मागं गेले, आणि टाकीवर तळहाताची थाप पडली. "येऊ दे... येऊ दे..."

म्हातारी भिमाबाई पुढं झाली. "दादा, आज तुमी खाली कसं?"

"आज म्या किलीनर हाय, बाई," उस्ताद मोठ्यानं म्हणाले, आतपर्यंत ऐकू जाईल असं. "उस्ताद आत बसलेत."

गोरोबाचे डोळे भरून आले. आरशात त्याला ना भिंत दिसत होती ना विहीर. पण मागून थाप पडत होती, आणि त्या थापेवर त्यानं गाडी विहिरीच्या काठापर्यंत नेली.